थायरॉईड आटोक्यात आला, तरी अंगावर पित्त का उठते?

वाचकाचे पत्र

माननीय डॉक्टर,

मी ३७ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या दहा महिन्यांपासून जवळजवळ रोज संध्याकाळी माझ्या अंगावर पित्त उठते. कंबर, मांड्या आणि दंडांवर लाल गांधी येतात, असह्य खाज सुटते आणि सकाळपर्यंत सारे नाहीसे होते. दोनदा ओठही सुजला. सासूबाई मायेने आमसुलाचे पाणी लावतात. त्यांच्या आणि इतरांच्या सांगण्यावरून मी वांगी, तूरडाळ, अंडी, मासे, शेंगदाणे आणि दही सोडले. जवळचे डॉक्टर इंजेक्शन देतात, तेव्हा चार दिवस बरे वाटते. महागडी अॅलर्जी चाचणीही केली आणि तिच्यात १४ पदार्थ ‘सौम्य’ निघाले. शेवटी एका फिजिशियनांनी थायरॉईड तपासला. टीएसएच १८.४, फ्री टी४ कमी आणि अँटी-टीपीओ ४००च्या वर आले. त्यांनी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली आणि पित्ताचे कारण सापडले असे सांगितले. चार महिन्यांनी टीएसएच ३.१ झाला आहे, थकवा आणि केस गळणे कमी झाले आहे, पित्त मात्र होते तसेच आहे. मग कारण थायरॉईड नव्हतेच का? ही गोळी बंद करावी का? माझ्या ११ वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?

उत्तर

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण त्याला उशीर होऊन चालणार नाही. थायरॉईडची गोळी कृपया बंद करू नका. टीएसएच हा थायरॉईडला काम करायला सांगणारा संदेश असतो, ग्रंथी कमी पडली की तो वाढतो; आणि फ्री टी४ म्हणजे थायरॉईडने तयार केलेले संप्रेरक (हार्मोन). टीएसएच १८.४ आणि त्यासोबत फ्री टी४ कमी, याचा अर्थ आपली अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉईड, खरोखरच कमी काम करत होती. आज टीएसएच ३.१ दिसतो तो ग्रंथी बरी झाली म्हणून नव्हे, तर तिची उणीव ही गोळी रोज सकाळी भरून काढते म्हणून. गोळी थांबवली तर काही आठवड्यांतच थकवा, केस गळणे आणि अंगाचा जडपणा परत येईल, आणि पित्त तर थांबणार नाहीच. अंगावर पित्त उठो वा न उठो, ही गोळी आपल्याला तिच्या स्वतःच्या कारणासाठी लागणारच आहे.

आता पहिला प्रश्न. थायरॉईडचा आणि आपल्या पित्ताचा संबंध आहे, असे मला आपले अहवाल पाहून वाटते. परंतु तो संबंध आपल्याला ज्या स्वरूपात सांगितला गेला, तसा नाही. थायरॉईड ही या पित्ताची आई नव्हे, बहीण आहे. दोघींचे मूळ एकच असू शकते, पण एकीला औषध दिल्याने दुसरी बरी होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी स्त्रिया नेमक्या याच ठिकाणी अडकलेल्या असतात. थायरॉईड नॉर्मल आला, आता पित्त जायलाच हवे होते, आणि ज्याअर्थी ते गेले नाही त्याअर्थी निदान चुकले किंवा औषध चुकले, असा त्यांचा समज होतो. मग डॉक्टर बदलले जातात, गोळी सोडली जाते आणि पथ्याची यादी वाढत जाते. आपले निदान चुकलेले नाही. त्यातून काढलेला एक निष्कर्ष मात्र चुकला आहे, आणि पित्ताचे स्वतःचे असे नीट उपचार अजून सुरूच झालेले नाहीत.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाबद्दल बोलायला हवे, कारण मराठीत तो दोन कामे करतो. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर यांनाही आपण पित्त म्हणतो आणि अंगावरच्या गांधींनाही पित्तच म्हणतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी या दुसऱ्या विकाराला शीतपित्त असे वेगळे नाव दिले, गांधीलमाशी डसल्यावर उठते तशी त्याची सूज वर्णिली आणि गार वाऱ्याच्या स्पर्शाने ती उमटते असेही नोंदवले. गार हवेने गांधी उठणारे रुग्ण आजही भेटतात, त्यामुळे ते निरीक्षण किती बारकाईचे होते हे जाणवते. बोलीभाषेत मात्र दोन्ही पित्ते एक झाली, आणि त्यामुळे अंगावर गांधी उठल्या की आम्लपित्ताची गोळी किंवा पांढरे पातळ औषध घेण्याची पद्धत घरोघरी पडली. आपणही असे काही घेत असाल तर एवढे लक्षात ठेवावे की अॅन्टासिडमुळे, तसेच पोटातले आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्यांमुळे थायरॉईडच्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते. म्हणजे त्वचेला काडीचाही लाभ नाही आणि ज्या आजारावर औषध लागू पडले आहे, त्याचेच नुकसान होते.

आपल्या अंगावर जे उठते त्याला वैद्यकात अर्टिकेरिया म्हणतात. आठवड्यातील बहुतेक दिवस गांधी उठत राहिल्या आणि हे सहा आठवड्यांहून अधिक काळ चालले, की त्याला दीर्घकालीन अर्टिकेरिया म्हटले जाते. आपले दहा महिने झाले आहेत, त्यामुळे त्याविषयी शंका नाही. त्वचेच्या आत, बारीक रक्तवाहिन्यांच्या आसपास मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिन व तशाच इतर रसायनांचे कण भरलेले असतात. या पेशी चिथावल्या गेल्या की ते कण बाहेर पडतात, रक्तवाहिन्या रुंदावून लालसरपणा येतो, त्यांच्यातून पाणी झिरपून त्वचा फुगते आणि मज्जातंतूंची टोके चाळवली जाऊन खाज सुटते. हीच क्रिया त्वचेच्या अधिक खोल थरात झाली की ओठ किंवा पापणी सुजते. काही तासांत ते पाणी शोषले जाते आणि गांध मागमूस न ठेवता जाते, म्हणूनच सकाळी डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही. सलवारीच्या नाडीखाली, घट्ट बाहीखाली किंवा पर्सच्या पट्ट्याखाली गांधी अधिक उठतात, कारण दाब आणि घर्षण हेही या पेशींना चाळवते. संध्याकाळी आणि रात्री त्रास वाढणे हेही या आजाराचे नेहमीचेच लक्षण आहे. रात्रीच्या जेवणातील पदार्थांवर त्याचा दोष बहुधा विनाकारण येतो.

मग या पेशींना चिथावते कोण? एखादा खाद्यपदार्थ किंवा औषध यामुळे गांधी उठतात तेव्हा बहुधा ते प्रकरण काही तासांचे किंवा दिवसांचे असते. महिनोन्महिने चालणाऱ्या अर्टिकेरियात मात्र बऱ्याच रुग्णांमध्ये चिथावणी आतूनच येते. जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच पेशींना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करते. यालाच ऑटोइम्यून, म्हणजे स्वप्रतिरक्षेचा आजार म्हणतात. काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की जी मास्ट पेशींच्या पृष्ठभागावरच्या कुलुपाला नेमकी बसतात आणि ते उघडतात.

आपल्या थायरॉईडची कथा हीच आहे, फक्त अवयव वेगळा आहे. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने, ज्यांत पांढऱ्या पेशी दाटीने शिरल्या आहेत अशा अवटू ग्रंथींचे वर्णन केले. आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि आपल्याकडे थायरॉईड कमी पडण्याचे ते एक फार मोठे कारण आहे. आपल्या अहवालातील अँटी-टीपीओ ही त्याचीच खूण. टीपीओ हे ग्रंथीत थायरॉईडचे संप्रेरक तयार करण्यास मदत करणारे विकर (एन्झाइम) आहे, आणि आपले शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवत आहे. अर्टिकेरियाच्या काही रुग्णांत याच टीपीओविरुद्ध आयजीई जातीची, म्हणजे अॅलर्जीत काम करणारी, प्रतिपिंडे मास्ट पेशींवर जाऊन बसत असल्याचेही आढळले आहे, त्यामुळे हे दोन आजार काही जणांत एकमेकांच्या बरेच जवळ येतात. तरीही गोळी ही प्रतिपिंडे पुसून टाकत नाही. तिच्यातले थायरॉक्सिन फक्त कमी पडलेले संप्रेरक पुरवते. घरात कमावणारा माणूस आजारी पडला म्हणून बाहेरून पैशाची सोय केली, तर घर चालते, पण माणूस त्याने बरा होत नाही. आपला टीएसएच सुधारला आणि पित्त तसेच राहिले, याचे उत्तर यातच आहे.

हा संबंध कोणी अलीकडे कल्पनेने जोडलेला नाही. १९८३ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी दीर्घकालीन अर्टिकेरियाच्या १४० रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील १७ जणांत थायरॉईडविरुद्धची स्वप्रतिरक्षा आढळली. २०१२ साली इस्रायलमधून त्याहून कितीतरी मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील १२,७७८ रुग्णांपैकी सुमारे दहांतील एकाला थायरॉईड कमी असल्याचे निदान झालेले होते, आणि अर्टिकेरिया नसलेल्या लोकांत हे प्रमाण फारच थोडे होते. त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मला अधिक उपयोगाची वाटते: यांतील बहुतेक स्वप्रतिरक्षेचे आजार पित्त सुरू झाल्यानंतरच्या दहा वर्षांत उघड झाले. म्हणून ज्यांना महिनोन्महिने पित्त उठते आणि ज्यांचा थायरॉईड आज नॉर्मल आहे, त्यांनी तो एकदाच तपासून विषय सोडून देऊ नये. थकवा, वजनातील बदल किंवा पाळीची अनियमितता जाणवली तर पुन्हा तपासावा. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही तज्ज्ञांकडे आलेल्या अर्टिकेरियाच्या रुग्णासाठी साधी रक्तगणना आणि दाह दाखवणारी एखादी चाचणी यांच्या जोडीला एकूण आयजीई व अँटी-टीपीओ या दोनच तपासण्या सांगितल्या आहेत. यादी इतकी छोटी आहे, हे मुद्दाम सांगते. आपण केलेली ती लांबलचक अॅलर्जी चाचणी तीत नाही.

त्या चाचणीने आपले पैसे घेतले, याहूनही तिने आपले ताट रिकामे केले याचे मला वाईट वाटते. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध थोडे आयजीई सापडणे म्हणजे त्या पदार्थामुळे रोज गांधी उठतात असे नव्हे. निरोगी माणसांतही असे अहवाल येतात. खऱ्या अन्न-अॅलर्जीत तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत त्रास सुरू होतो आणि प्रत्येक वेळी होतो. जी तूरडाळ आपण जन्मापासून खाल्ली, ती दहा महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी अचानक शत्रू झाली आणि ती सोडूनही गांधी उठतच राहिल्या, हे अन्न-अॅलर्जीच्या कोणत्याच नियमात बसत नाही. आपण हे पदार्थ सोडून कित्येक महिने झाले आणि फरक पडला नाही, हाच त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा आहे. डाळ, अंडी, मासे, दही आणि शेंगदाणे एकदम सोडल्यावर प्रथिने मिळणार कोठून? थायरॉईड कमी असताना अशक्तपणात ही भर कशाला? हे पदार्थ पुन्हा सुरू करावेत. ज्या एखाद्या पदार्थाने पूर्वी कधी खरोखर तत्काळ त्रास झाला असेल, तो मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. आमसुलाचे पाणी अंगाला लावल्याने गारवा वाटतो, त्यात अपाय नाही. सासूबाईंनी मायेचा हात जरूर फिरवावा. फक्त ते उपचार आहे असे समजून औषध टाळू नये.

आता चार दिवस बरे वाटणाऱ्या त्या इंजेक्शनाविषयी. त्यात काय असते हे आपण लिहिलेले नाही, बहुधा विचारण्याची संधीही मिळाली नसेल. अशा वेळी प्रायः झोप आणणारे अॅलर्जीचे औषध आणि सोबत स्टेरॉईड दिले जाते. स्टेरॉईडने पित्त झपाट्याने दबते हे खरे आहे, आणि फार तीव्र त्रासात काही दिवसांसाठी, साधारण दहा दिवसांपर्यंत, तोंडाने दिलेले स्टेरॉईड मान्यही आहे. परंतु महिनोन्महिने अधूनमधून घेतलेल्या स्टेरॉईडने साखर, रक्तदाब आणि वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि औषध उतरले की पित्त पुन्हा हजर असते. शिवाय स्टेरॉईडच्या मोठ्या मात्रेने टीएसएच तात्पुरता खाली येऊ शकतो, म्हणजे ज्या अहवालावर आपला डोस ठरतो तोच दिशाभूल करू शकतो. पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर इंजेक्शनाचे नाव कागदावर लिहून मागावे. तो आपला हक्क आहे, आणि शाळेत मुलांना प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या व्यक्तीने तो संकोच न करता वापरावा.

पित्तासाठी खरा पहिला उपचार म्हणजे झोप न आणणारी किंवा फार थोडी आणणारी नव्या पिढीची अँटिहिस्टामिन गोळी. लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही त्यांतली नेहमीची नावे. घरोघरी डब्यात असणारी अॅव्हिल जुन्या पिढीतली आहे. ती झोप आणते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात डोके जड ठेवते, म्हणून रोज घेण्यासाठी ती योग्य नाही. याहून मोठी चूक मात्र गोळी घेण्याच्या पद्धतीत होते. गांधी उठल्यावर गोळी घ्यायची आणि नसल्या की नाही, असे बहुतेक जण करतात. हिस्टामिन सुटून आपल्या जागी जाऊन बसल्यानंतर गोळीला करण्यासारखे फारसे उरत नाही. ती जागा आधीच अडवून ठेवणे हे तिचे काम आहे, म्हणून गोळी रोज ठरलेल्या वेळी, गांधी असोत वा नसोत, घ्यावी लागते. दोन ते चार आठवड्यांत पुरेसा फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ हीच गोळी दुप्पट आणि गरजेप्रमाणे चौपटीपर्यंत वाढवू शकतात. मार्गदर्शक तत्त्वांनी त्याला मान्यता दिलेली आहे, परंतु हा निर्णय तज्ज्ञांचा आहे, स्वतःच्या मनाने मात्रा वाढवू नये.

आपल्याला दोन गोळ्या घ्यायच्या असल्याने वेळापत्रक सांभाळावे लागेल. थायरॉईडची गोळी सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. दुधाच्या चहाबरोबर ती गिळणे ही आपल्याकडची सर्वांत नेहमीची चूक आहे. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. चतुर्थी असो वा नवरात्र, उपवासातही ती चुकवू नये. अँटिहिस्टामिन रात्री घेणे सोयीचे पडते. बिलास्टिन लिहून दिली असेल तर ती जेवणानंतर दोन तासांनी घ्यावी, आणि फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, कारण त्याने तिचा परिणाम कमी होतो. आणखी एक गोष्ट, केस गळत होते म्हणून आपण बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉईडच्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात. रक्तातील बायोटिन काही यंत्रांच्या मोजणीत गोंधळ करते आणि टीएसएच असतो त्याहून कमी दाखवते. थायरॉईडच्या गोळीची मात्रा बदलली तर पुन्हा तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी, त्याआधी केलेली तपासणी उपयोगाची नसते.

डोकेदुखी किंवा अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अॅस्पिरिन घेण्याची सवय असेल तर सध्या टाळावी. दीर्घकालीन अर्टिकेरियाच्या बऱ्याच रुग्णांत या औषधांनी गांधी भडकतात. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल पुरते. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी सुरू केलेली अॅस्पिरिन मात्र कोणीही या लेखावरून बंद करू नये.

तज्ज्ञांकडे जाताना एक वही घेऊन जावी. दररोज दोन आकडे लिहावेत. गांधी मुळीच नसतील तर ०, २०पेक्षा कमी असतील तर १, २० ते ५० असतील तर २ आणि ५०हून जास्त असतील तर ३. खाजेलाही असेच ० ते ३ गुण द्यावेत. सात दिवसांची बेरीज करावी, ती जास्तीत जास्त ४२ होते. आठवड्याची बेरीज ६ किंवा त्याखाली आली की आजार चांगला आटोक्यात आहे असे मानतात, आणि २८ किंवा त्याहून जास्त असेल तर तो तीव्र समजला जातो. गुण देण्याची आपल्याला सवय आहेच. सकाळी डॉक्टरांसमोर अंग कोरे असते तेव्हा ही वही आणि रात्री मोबाईलवर काढलेले फोटो हेच आपले साक्षीदार असतील. त्याचबरोबर एखाद्या गांधीभोवती बॉलपेनने रेघ मारून ठेवावी आणि २४ तासांनी पाहावे. गांध त्या जागेवरून नाहीशी झाली असेल तर तो साधा अर्टिकेरिया. तीच गांध २४ तासांहून अधिक टिकली, खाजेपेक्षा जास्त दुखली किंवा जाताना जांभळा, मार लागल्यासारखा डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका येते. अशा वेळी त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. गांधींसोबत ताप आणि सांधेदुखी असेल तरी थांबू नये.

अँटिहिस्टामिनच्या वाढवलेल्या मात्रेनेही भागले नाही, तर पुढचा मार्ग ओमालिझुमॅब या इंजेक्शनाचा आहे. ते साधारणपणे दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम दिले जाते आणि अनेकांना त्याने मोठा दिलासा मिळाला आहे. ते महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या बाबतीत ते देण्यापूर्वी एकूण आयजीई पाहून घ्यावे असे मी सुचवेन. अँटी-टीपीओ जास्त आणि आयजीई कमी अशी जोडी असली, तर या औषधाचा गुण उशिरा येतो किंवा कमी येतो असा अनुभव आहे, आणि एवढा खर्च करण्यापूर्वी हे माहीत असलेले बरे. काही निवडक रुग्णांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सायक्लोस्पोरिन हे संरक्षणव्यवस्थेला आवर घालणारे औषध वापरतात, त्यात रक्तदाब आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. एवढ्या दूर जाण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही. नियमित गोळी आणि योग्य मात्रा एवढ्यावरही पुष्कळ जणांचे भागते.

हे सदर वाचणाऱ्या आणखी दोन प्रकारच्या व्यक्तींसाठी थोडे लिहिते. ज्यांचे अँटी-टीपीओ जास्त आहे पण टीएसएच आणि टी४ नॉर्मल आहेत, त्यांनी केवळ पित्त जावे म्हणून थायरॉक्सिन सुरू करू नये. तसे प्रयोग झालेले आहेत, पण त्यांचा पाया भक्कम नाही, आणि गरज नसताना घेतलेल्या थायरॉक्सिनने हृदयाची धडधड वाढू शकते व हाडे झिजू शकतात. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथील लोकांचा वीस वर्षे पाठपुरावा केला गेला, तेव्हा केवळ प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी दर वर्षी साधारण २ टक्के जणींचा थायरॉईड कमी होत गेल्याचे दिसले. म्हणून औषध नको, पण वर्षातून एकदा टीएसएच पाहावा. दुसरे, ज्यांचा थायरॉईड वाढलेला आहे आणि ज्यांना तो कमी करणारे कार्बिमॅझोल हे औषध चालू आहे, त्यांच्या अंगावर पुरळ किंवा गांधी उठल्या तर त्या औषधानेही उठलेल्या असू शकतात. सौम्य असतील तर डॉक्टर त्यावर वाट काढतात, पण ते औषध चालू असताना ताप आणि घसा दुखणे सुरू झाले तर औषध थांबवून त्याच दिवशी रक्तगणना करावी. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्याचे ते लक्षण असू शकते.

आपला ओठ दोनदा सुजला, हे मी विसरलेले नाही. केवळ ओठ किंवा पापणी सुजणे भीतीदायक दिसले तरी या आजारात ते वारंवार होते आणि उतरते. मात्र जीभ सुजली, आवाज बसला, गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरचा कोणताही उपाय करत न बसता लगेच १०८ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जावे. घरातील प्रत्येकाला, मुलीलासुद्धा, हे सांगून ठेवावे.

हे किती दिवस चालेल, असे आपण विचारले नाही, पण मनात असणारच. हा आजार कायमचा नसतो. काहींचा काही महिन्यांत संपतो, काहींचा काही वर्षे राहतो आणि स्वप्रतिरक्षा असलेल्यांचा थोडा अधिक रेंगाळतो. तोवर रोजची गोळी त्याला दाबून ठेवते. पूर्ण आराम मिळाल्यावर काही महिन्यांनी ती हळूहळू कमी करून पाहता येते. आणि हा संसर्ग नाही. वर्गातील मुलांना किंवा घरच्यांना आपल्यापासून काही होणार नाही, त्यामुळे कोणी वही हातात घ्यायला कचरले तर त्यांना हे स्पष्ट सांगावे.

राहिला मुलीचा प्रश्न. थायरॉईडच्या स्वप्रतिरक्षेचा कल घराण्यातून येतो आणि मुलींत तो अधिक दिसतो, पण कल म्हणजे आजार नव्हे. कित्येक मुलींना तो कधीच होत नाही. आईला हाशिमोतो आहे एवढ्याच कारणाने तिचे रक्त दर सहा महिन्यांनी काढू नये, तिला आत्ताच रुग्ण करून ठेवण्याची गरज नाही. दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलने तिच्या उंचीची खूण करत जावी. उंची वाढणे मंदावले, मानेचा पुढचा भाग फुगलेला दिसू लागला, अभ्यासात एकाएकी मरगळ आली, बद्धकोष्ठ किंवा सतत थंडी वाजणे सुरू झाले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून टीएसएच आणि फ्री टी४ करून घ्यावे. आणि आपण सोडलेले पदार्थ तिच्या ताटातूनही खबरदारी म्हणून काढले असतील, तर ते आजच परत वाढावेत.